जुगार घरात कसा शिरला?

पत्त्यांचा जुगार पूर्वी आडोशाला चाले. गावात कोण पत्ते कुटतो हे सर्वांना ठाऊक असे; पण तो डाव कोणी भरल्या घरात, मुलांच्या देखत मांडत नसे. आज तोच डाव दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उजळ माथ्याने मांडला जातो. हे कसे घडले, याचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील लास व्हेगास शहरात बेनी बिनियन यांनी १९७० साली आपल्या हॉर्सशू जुगारगृहात ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धा सुरू केली. १९७३ मध्ये सीबीएस वाहिनीने तिचे चित्रण दाखविले. पोकरचे मर्म खेळाडूच्या झाकलेल्या पानांत असते. हाती हलकी पाने असताना मोठी रक्कम लावून समोरच्याला हूल द्यावयाची, हे त्यातील कसब. ती पानेच दिसत नसल्याने प्रेक्षकाच्या वाट्याला केवळ गंभीर चेहरे येत.

ही अडचण दूर करण्याची युक्ती हेन्री ओरेनस्टाईन यांनी शोधली. १९२३ साली पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू गृहस्थ नाझी छळछावण्यांतून वाचले, अमेरिकेत गेले आणि खेळण्यांच्या व्यवसायात नावारूपास आले. टेबलात कॅमेरा बसवून झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखविण्याच्या कल्पनेचे पेटंट त्यांना १९९५ मध्ये मिळाले. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने ‘लेट नाईट पोकर’ कार्यक्रमात टेबलातील काचेखालून पाने दाखविली. २००३ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड पोकर टूर’ प्रसारित होऊ लागली.

त्याच वर्षी ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक हिशेबनीस इंटरनेटवरील स्वस्त पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी ८३९ स्पर्धक होते. २००६ मध्ये ते ८,७७३ झाले. बक्षिसाची रक्कम मात्र आकाशातून पडत नाही. ती हरणाऱ्यांच्याच प्रवेशशुल्कातून उभी राहते.

खरी मेख येथेच आहे. पडद्यासमोर बसलेल्याला सर्वांची पाने दिसतात. ‘हे मला कळते, त्याला कसे कळत नाही?’ असे म्हणत तो स्वतःला शहाणा समजू लागतो. स्वतः खेळावयास बसला म्हणजे मात्र समोरच्याची पाने झाकलेलीच असतात. शिवाय तासन्‌तासांचे कंटाळवाणे डाव कापून केवळ थरार दाखविला जातो.

आपल्या देशात हा जुगार कौशल्याचे नाव घेऊन आला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. पुढे त्याच आधारावर पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन रमीच्या आणि क्रिकेट-संघ निवडण्याच्या खेळांच्या जाहिराती सामन्यांच्या षटकाषटकांमधून झळकल्या. २०२० मध्ये तर अशाच एका कंपनीचे नाव आयपीएलला मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवला नाही.

कायदा झाला म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ नशिबाच्या खेळाला मुळात पाप ठरवीत नाही. स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की तो अनैतिक ठरतो, असे तो शिकवितो आणि जुगाराच्या वेडातून येणाऱ्या गुलामगिरीचाही इशारा देतो. सणाच्या रात्री आमच्याच मंडपात हाऊजीची तिकिटे विकली जातात, हे येथे कबूल केले पाहिजे. हाऊजी म्हणजे पोकर नव्हे, हे खरे. परंतु वर्षागणिक बक्षिसाचा आकडा फुगवीत नेताना आपण मुलांना काय शिकवितो, याचा विचार आम्हां धर्मगुरूंनीही करावयास हवा.

पालकहो, असा कार्यक्रम घरात चालू असेल तर केवळ पडदा बंद करून थांबू नका. मुलांजवळ बसा आणि त्यांना विचारा, ‘जो हरला, तो आज घरी जाऊन काय सांगेल?’ ती गोष्ट कोणताही कॅमेरा दाखवीत नाही. ती आपणच सांगितली पाहिजे.