हर्रास: सागवान, तेंदू आणि शेवटची बोली

चंद्रपूर-गडचिरोलीकडे लिलावाला दोन शब्द आहेत. कागदावर 'लिलाव', तोंडी 'हर्रास'. गुजरीचा ठेका असो की तलावातल्या मासळीचा, जुनी माणसे 'हर्रास झाला' असेच म्हणतात. 'लिलाव' पोर्तुगीजांच्या शब्दावरून कोकणकिनाऱ्याने मराठीत आला. 'हर्रास' अरबी 'हराज'वरून, फारसी-उर्दूचा हात धरून, खुष्कीच्या मार्गाने नागपूर-वऱ्हाडात उतरला. गंमत अशी की त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळही कोशकार अरबीतच शोधतात. एकच पाहुणा एकदा ओटीवरून आणि एकदा परसदारातून घरात यावा, तसे हे झाले.

जंगलाकडे वळण्याआधी आपण थोडे लंडनला जाऊन येऊ. सतराव्या शतकात तिथे मेणबत्तीचा लिलाव चाले. बोटभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याला माल. १६६२ च्या सप्टेंबरात सॅम्युअल पेप्स ह्या दैनंदिनीकाराने जहाजांचा असा एक लिलाव पाहिला. एक जण दर वेळी अचूक क्षणी ओरडतो, हे पाहून त्याने त्यामागचे गुपित विचारले. ज्योत विझताना धूर आधी खाली वळतो, ते दिसताच मी बोलतो, असे त्या माणसाने सांगितले. किती बोलायचे ह्यापेक्षा कधी बोलायचे, ही विद्या इतकी जुनी आहे. पुढच्या वाटेवर हा धूर आपल्याला पुन्हा दिसेल.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा (आजचा चंद्रपूर-गडचिरोली) जिल्हा इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. मक्ता किंवा इजारा ही त्याआधीची रीत होती. ठरलेली रक्कम भरायची आणि मुदतीत जंगलातून निघेल ते काढायचे. त्यात विकत घेणाऱ्याला आपण नेमके काय घेतो ते ठाऊक नसे आणि विकणाऱ्याला आपण काय दिले ते कधी कळत नसे. वनखात्याने ह्यात मोठा बदल केला तो डेपोचा. झाड सरकारने तोडायचे, ओढून आणायचे, लांबी-गोलाईप्रमाणे रचायचे, त्यावर हातोड्याचा ठसा मारायचा, ढिगाला क्रमांक द्यायचा आणि मगच पुकारा करायचा. आलापल्लीच्या जंगलातले सागवान आणि बल्लारशाहचे (बल्लारपूरचे) रेल्वे स्थानक ह्यांच्यामुळे हा भाग लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या पायाखालचा झाला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये सागवान निघाले, तेही बल्लारपूरहूनच.

डेपोतल्या लिलावाची खरी लढाई पुकाऱ्याच्या आधी होते. आरागिरणीचा मालक किंवा त्याचा जाणता माणूस लाटांमधून हिंडतो (इथे लाट म्हणजे विक्रीसाठी क्रमांक दिलेला ढीग), ओंडका ठोकून आवाज ऐकतो, पोकळी आणि गाठी पाहतो आणि चिरल्यावर किती निघेल ह्याचा मनात हिशेब मांडतो. समोर उभे असलेले सगळेच हे करत असल्यामुळे दुसऱ्याचा चेहरा हीसुद्धा एक माहिती ठरते. जाणकार ज्या लाटेपाशी फार वेळ थांबला, तिचा भाव चढतो. म्हणून खरा जाणकार नको असलेल्या लाटेपाशी रेंगाळतो. सरकारचाही डाव असतो. खालची किंमत आधी ठरलेली असते आणि सर्वात वरची बोली लागली तरी ती वरिष्ठांच्या मंजुरीवर टांगलेली राहते. ह्यावर व्यापाऱ्यांचे उत्तर म्हणजे 'रिंग'. आपसांत ठरवून एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी गप्प राहायचे आणि संध्याकाळी बंद खोलीत तोच माल पुन्हा आपसांत वाटून घ्यायचा. जगात जिथे लिलाव आहे तिथे रिंग आहे. तिला अनीती म्हणणे सोपे आहे, पण वीस अनोळखी माणसांपेक्षा दर महिन्याला भेटणारी आठ ओळखीची माणसे लवकर एकविचाराची होणार, हे लिलाव ठेवणाऱ्यालाही कळायला हवे.

बांबूचा मात्र अशा रीतीने पुकारा झाला नाही. १९४५ मध्ये बल्लारपूरची कागदगिरणी निघाली आणि पुढची अनेक दशके इथला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी तिच्याकडे गेला.

तेंदूपत्त्याची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा करून त्याचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. जंगलाचे 'युनिट' पाडले गेले आणि पान फुटण्याआधीच युनिट विकले जाऊ लागले. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पण बोली लागते तेव्हा झुडपांची छाटणीही कुठे कुठे बाकी असते. उन्हाळ्यात गारपीट झाली, अवकाळी पाऊस आला, वणवा लागला, तर गणित कोसळले. ज्याचा अंदाज सर्वात फुगलेला, तोच जिंकतो आणि जिंकल्यावर पस्तावतो. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांत नेमके हेच घडते, असे अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि त्याला 'विजेत्याचा शाप' हे नाव पडले. कुठल्याही जुन्या तेंदू ठेकेदाराला हा शाप ते नाव न ऐकताही माहीत असतो. तो आपला आकडा मुद्दाम खाली ठेवतो, तुटीची भीती दरात मिसळतो. १९८० नंतर नक्षलवादी आले, मजुरीच्या दरासाठी तेंदूचे काम थांबू लागले, ठेकेदारांकडून वसुली होऊ लागली. तोही खर्च दरात मिसळला गेला.

ह्याच काळात लिलावाचे शास्त्र घडत होते. विल्यम विक्री ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सुचवले की जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम घ्यावी. म्हणजे मनातला खरा आकडा लिहायला कोणी घाबरणार नाही. १९९६ मध्ये त्याला नोबेल जाहीर झाले आणि तिसऱ्याच दिवशी तो वारला. टपाल तिकिटांचे व्यापारी मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये १८९३ मध्येच, पोस्टाने बोली मागवताना, ही युक्ती वापरत होते. १९९५ मध्ये निघालेल्या ईबे ह्या संकेतस्थळाने तीच संगणकात बसवली. आपला कमाल आकडा सांगून ठेवायचा, यंत्र गरजेपुरतेच वर चढते. मुंबईच्या बाझी डॉट कॉममार्फत २००४ मध्ये ईबे भारतात आले. आणि धूर पुन्हा दिसू लागला. शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकून पळणारे लोक इथेही निघाले. ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या ईबेवर हे फार घडते, उशिरा आलेल्या बोलीने मुदत वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत कमी, असे रॉथ आणि ऑकेनफेल्स ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवले.

२०१४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले. पुढच्या वर्षी ते पट्टे पडद्यावरच्या लिलावाने विकले जाऊ लागले, तेव्हा मुदत आपोआप वाढण्याचा नियम त्यात आला होता. चंद्रपूर तर कोळशाचाच जिल्हा, त्यामुळे पडद्यावरच्या लिलावाची ही भाषा इथे लवकर रुळली. पडद्यावर चेहरा दिसत नाही. तिथे लाटेपाशी रेंगाळण्याची कला निकामी झाली, पण रिंगेला फोन पुरतो.

खरा पालट विकणाऱ्याच्या बाजूला झाला. त्याचे मूळ २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी गावात येऊन बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ पासून काही ग्रामसभा तेंदूही स्वतः विकू लागल्या. जाहिरात देणे, अनामत घेणे, लखोटे फोडणे, जे काम दीडशे वर्षे साहेबाचे होते ते आता पान तोडणारेच करू लागले. २०१७ च्या हंगामात भाव खूप चढले. त्याच वर्षीच्या जुलैपासून तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि पुढच्या हंगामात त्याच नावाने बोली खाली आल्या. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली त्यामागे एक विचार असा होता: एकेकटे गाव ठेकेदारांच्या टोळीपुढे दुबळे पडते. रिंगेला उत्तर म्हणून विकणाऱ्यांनीही एकत्र बसायचे, ही मला ह्या सगळ्या इतिहासातली सर्वात चतुर चाल वाटते.

तरी एक पेच सुटलेला नाही. सागवान डेपोत वर्षभर थांबते, कोळसा जमिनीत कोट्यवधी वर्षे थांबतो, तेंदूचे पान थांबत नाही. दोन-तीन आठवड्यांत ते निबर होते. ठेकेदाराला हे पक्के ठाऊक असते. पहिल्या निविदेला कोणी येत नाही, दुसऱ्या वेळी एखादा पडका दर येतो, आणि तोवर मोहफुले सरून तेंदूची पालवी तांबूस दिसू लागलेली असते. पेप्सच्या मेणबत्तीचे काम इथे झुडूपच करते. अशा वेळी ग्रामसभेपुढे दोन वाटा असतात. आलेला दर घ्यायचा, किंवा स्वतः फळी (पान गोळा करण्याचे केंद्र) उघडून पान वाळवायचे, पानांचे बोद (पोती) भरायचे आणि पावसाळ्याआधी गोदाम शोधायचे. दुसऱ्या वाटेला मजुरीसाठी आधी पैसा लागतो आणि तो कुठून आणायचा, ह्यावर बैठक रात्री उशिरापर्यंत चालते.