तहान लागल्यावर विहीर

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. प्रतिस्पर्ध्याचे शास्त्रीय ग्रंथ मुळातून वाचू शकणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत, ही उणीव तेथील राज्यकर्त्यांना तीव्रतेने जाणवली. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला आणि गणित व विज्ञान यांच्या पंक्तीत परकीय भाषांनाही मानाचे पान मिळाले. शस्त्रास्त्रांच्या चिंतेतून व्याकरणाला असा राजाश्रय लाभला.

१९६० च्या सुमारास अमेरिकन विद्यापीठांत दर शंभर विद्यार्थ्यांमागे परभाषांच्या वर्गांतील नोंदणी सुमारे सोळा होती. २०१६ साली ती साडेसातवर आली. या ओहोटीचे खापर केवळ विद्यार्थ्यांच्या माथी फोडणे न्याय्य होणार नाही. १९६६ मध्ये प्रवेशासाठी परभाषेची अट घालणारी महाविद्यालये शेकडा चौतीस होती. १९७९ पर्यंत ती शेकडा आठच उरली. विषय निवडण्याच्या स्वातंत्र्याची मागणी झाली, अट शिथिल झाली आणि विद्यापीठाने सोडलेला आग्रह शाळांनीही सोडला. पाया न घालता कळस कोण चढविणार?

जी भाषा वाढली, ती बहुधा जगातील घडामोडींच्या लाटेवर वाढली. १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्य लयास गेले आणि १९९० साली सुमारे चव्वेचाळीस हजार असलेली रशियनची नोंदणी १९९५ पर्यंत पंचवीस हजारांच्या आत आली. २००१ च्या न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील हल्ल्यांनंतर अरबीची आठवण झाली. २००२ ते २००६ या चार वर्षांत तिचे विद्यार्थी दुपटीहून अधिक झाले. पुढे तो भरही ओसरला. २०१६ ते २०२१ या काळात परभाषांची एकूण नोंदणी शेकडा सोळाहून अधिक घटली, जर्मनची तर सुमारे एक-तृतीयांशाने. त्याच काळात कोरियन मात्र शेकडा अडतीसने वाढली. तिच्यामागे युद्धाचे भय नव्हते. कोरियन गाणी आणि चित्रमालिका यांची तरुणांना लागलेली गोडी हे तिचे एक मोठे कारण मानले जाते.

वर्ग ओस पडले की विभागांवर कुऱ्हाड येते. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने परभाषांचे पदवी-अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला. काही भाषांचे अध्यापन तेवढे शिल्लक राहिले. खर्चाच्या हिशेबात असे निर्णय सयुक्तिक भासतात. परंतु अरबी किंवा चिनी भाषेत कामापुरते प्रावीण्य मिळविण्यास इंग्रजीभाषकाला वर्गातील सुमारे २२०० तास लागतात, असा अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अनुभव आहे. विद्यार्थ्याला शिकविणारा अध्यापक घडण्यास याहून कितीतरी अधिक काळ जातो. विभाग एका ठरावाने मोडता येतो. तो पुन्हा उभारण्यास एक पिढी खर्ची पडते, आणि संकट तेवढी वाट पाहत थांबत नाही.