दोन तुरुंगांमधला पत्रव्यवहार

मराठीतील पती-पत्नींच्या पत्रव्यवहाराचा विषय निघाला की आपल्याला प्रथम आठवतात आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. त्या पत्रांत पती हा शिक्षक आहे, कठोर परीक्षकही आहे. पत्नी परदेशात एकटी राहून हळूहळू स्वतःचा आवाज कमावते आहे. मधु आणि प्रमिला दंडवते यांचा तुरुंगातील पत्रव्यवहार याहून निराळ्या जातीचा आहे आणि मालवणी मुलखातल्या आम्हां वाचकांना तो जवळचाही वाटतो.

नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले. त्यांच्या राजापूर मतदारसंघातून, ज्यात मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा येई, त्याच वर्षी मधु दंडवते लोकसभेवर निवडून आले. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक; परंतु कोकणाने त्यांना १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिले. २६ जून १९७५ रोजी पक्षांतरविषयक संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळुरात होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना तेथेच अटक झाली. त्याच वर्षी प्रमिलाताईंनाही पकडून येरवड्यास ठेवण्यात आले. सुमारे दीड वर्ष पती बंगळुरात, पत्नी पुण्यात.

तुरुंगातील पत्रांचा नेहमीचा साचा असा, की एक जण आत आणि दुसरा बाहेर. आतल्याने विचार लिहायचे, बाहेरच्याने घर सांभाळल्याची खबर द्यायची. येथे बाहेरचे कोणी नव्हते. दोघेही राजकैदी, दोघांच्याही पत्रांवर अधिकाऱ्याची नजर. तिसरा वाचक पाकीट उघडणार आहे हे ठाऊक असताना नवरा-बायकोने एकमेकांना काय लिहावे? राजकारण उघडपणे लिहिता येत नाही आणि मनातले लिहावे, तर तेही परक्याच्या हाती पडते. आमच्या मते या पत्रव्यवहाराचे वाङ्मयीन मोल या अडचणीतच आहे. दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले. पत्र हे शिक्षणाचे आणि जिव्हाळ्याचे साधन आहे, हे साने गुरुजींच्या ‘सुंदर पत्रां’नी त्या पिढीला शिकवले होते.

प्रमिलाताईंना ‘नेत्याची पत्नी’ म्हणून मोजण्याची आपली सवय मात्र सोडली पाहिजे. जे. जे. कलाशाळेत शिकलेली ही बाई १९६८ पासून मुंबई महापालिकेत नगरसेविका होती; १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबरीने लाटणे घेऊन रस्त्यावर होती. तुरुंगात जाण्यासाठी तिला पतीचे नाव लागले नाही.

१९८० च्या लोकसभेत दोघे एकत्र बसले. ते राजापूरचे, त्या मुंबई उत्तर-मध्यच्या. हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले आणि १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मधुरावांचे नाव आमच्याकडे कोकण रेल्वेशी जोडले जाते. (मालवणला उतरायचे असेल तर कणकवली किंवा कुडाळच गाठावे लागते, हा भाग वेगळा.) कोणाचा कोणावर प्रभाव, याचा हिशेब अशा सहजीवनात मांडता येत नाही. पण हुंड्याचा प्रश्न समाजवादी राजकारणाच्या कडेवरून मध्यभागी आला, त्यात आम्हांला प्रमिलाताईंचाच वाटा मोठा दिसतो.

प्रमिलाताई २००१ च्या अखेरीस गेल्या. मधुराव १२ नोव्हेंबर २००५ रोजी. त्यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.