उणिवेतून आलेले शोध : बेंगळुरूच्या दैनंदिन इतिहासाविषयी

मराठी इतिहासलेखनात बेंगळुरूचा उल्लेख येतो तो बहुधा दोन प्रसंगी. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे केंपेगौडांच्या घराण्याकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा पहिला प्रसंग. १६८७ मध्ये तीन लाख रुपयांच्या व्यवहाराने ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले, हा दुसरा. या दोन सनांमधील अर्धशतकाकडे पाहतानाही आपली दृष्टी दरबारावरच खिळलेली असते. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून शहाजीराजांच्या सभेतील बहुभाषी कवींचे आपल्याला कौतुक वाटत आले आहे. तथापि त्या सभेतील मंडळी पाणी कोठले पीत होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. नगराचा इतिहास मात्र पुष्कळदा अशाच प्रश्नांपाशी सुरू होतो.

बेंगळुरू हे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, पाणलोटाच्या कण्यावर वसलेले नगर आहे. त्याच्या एका उतारावरचे पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, दुसऱ्या उतारावरचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. स्वतः नगराला मात्र बारमाही नदी नाही. १५३७ च्या सुमारास केंपेगौडांनी मातीचा कोट घालून येथे पेठ वसविली, तेव्हा हे स्थान संरक्षणाला आणि हवेला उत्तम, पण पाण्याला प्रतिकूल होते. या नगरात पुढे जे शोध लागले, त्यांतील अनेकांच्या मुळाशी अशीच एखादी उणीव आढळते. तिच्या अनुरोधाने या नगराकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पहिला शोध अर्थातच तळ्यांचा. कन्नडमध्ये ज्याला ‘केरे’ म्हणतात, ते तळे नैसर्गिक सरोवर नव्हे. उताराला आडवा मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, एक तळे भरले की सांडव्यावरून जास्तीचे पाणी खालच्या तळ्यात उतरावे अशी वाट ठेवावयाची, आणि याप्रमाणे तळ्यांची एक साखळीच उभी करावयाची, अशी ही रचना. साचलेला गाळ उपसून तो शेतात घालावयाचा, म्हणजे तळेही खोल राहते आणि जमीनही कसदार होते. पाण्याची पाळी ठरविणारा ‘नीरगंटी’ गावात असे. आपल्याकडचा पाटकरी तो हाच. धर्मांबुधी, केंपांबुधी ही केंपेगौडांच्या नावाशी जोडलेली तळी या परंपरेतली. या विद्येचा ग्रंथ नाही, तिच्या कर्त्यांची नावे कोणत्या शिलालेखात सलगपणे सापडावयाची नाहीत. उतार ओळखणारी नजर आणि गाळ उपसणारे हात यांनीच ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

कोटाच्या आतली पेठही अशाच व्यवहारी बुद्धीने आखलेली होती. अक्कीपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, गाणिगरपेटे तेल्यांची: ही नावेच त्या नगराचा जमाखर्च होत. याच पेठांत मराठी बोलणारे भावसार रंगारी आणि नामदेव शिंपीही स्थिरावले. त्यांची मराठी कन्नडच्या सहवासात बदलत गेली. आणि त्यात नवल ते काय? ‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘अण्णा’, ‘अक्का’ यांसारखे शब्द आपण सर्वांनीच कन्नडच्या शेजारधर्मातून घेतलेले आहेत. वस्तू आणि शब्द हे एकाच वाटेने प्रवास करतात, आणि त्या वाटेवर राजवटींच्या सीमा फारशा आड येत नाहीत.

याचे आधुनिक काळातील उदाहरण म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांकडे पाहता येईल. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये पदवी घेऊन ते पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास आले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत दाखल झाले. खडकवासल्याच्या तलावातून पावसाळ्यात पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई. भिंतीची उंची न वाढविता ते अडवावे कसे, या प्रश्नावर त्यांनी आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारे योजिली. ती १९०३ मध्ये तेथे बसविण्यात आली. तळ्यांच्या नगरात शिकलेल्या तरुणाने पुण्याच्या तलावात पाण्याची चार हात अधिक पातळी मिळवावी, यात केवळ योगायोग पाहावा की संस्कारही, हे वाचकांनीच ठरवावे. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते, आणि त्यांच्या कारकीर्दीतच बेंगळुरूला उणिवेतून आणखी एक शोध लाभला.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि म्हैसूर संस्थानातून युरोपकडे जाणारे चंदन अडून पडले. तोवर लाकूड येथून जाई आणि तेल तिकडे निघे. आता माल भरपूर, पण वाट बंद, अशी अवस्था झाली. तेव्हा तेल येथेच गाळावे असे ठरले, आणि त्या तेलातून पुढे सरकारी साबण निर्माण झाला. सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन तो सिद्ध केला. शास्त्रींची दृष्टी रसायनापुरती मर्यादित नव्हती. लंबगोल वडी, दागिन्याच्या डबीसारखे वेष्टन, आणि त्यावर सिंहाचे शरीर व हत्तीचे मस्तक असलेला शरभ: अशा रीतीने स्नानाच्या साध्या वस्तूला त्यांनी एक प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे कलेचा विचार चित्र आणि शिल्प यांपाशी थांबतो. घराघरांतल्या न्हाणीघरात पोचलेली ही कला मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली.

स्वयंपाकघराची कथाही याहून निराळी नाही. १९२४ मध्ये मय्या बंधूंनी सुरू केलेले उपाहारगृह पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ या नावाने ख्यातीस आले. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ येणे थांबले आणि दक्षिणेत टंचाई झाली. तांदळावाचून इडली करावी कशी? या उपाहारगृहात सांगितली जाणारी हकीकत अशी की, तेव्हा रवा तुपावर भाजून, दह्यात भिजवून, फोडणी देऊन इडलीच्या साच्यात वाफवून पाहण्यात आला, आणि रवा इडली जन्मास आली. रात्रभर आंबविण्याची गरजही तिने सहज टाळली. १९७५ च्या आणीबाणीत पदार्थांच्या किमतींवर सरकारी बंधने आली आणि दर्जा राखून त्या भावात खाद्यपदार्थ विकणे कठीण झाले. तेव्हा उपाहारगृह बंद ठेवून याच मंडळींनी तयार पिठांची पाकिटे विकण्यास आरंभ केला. एकच पदार्थ दोनदा टंचाईच्या मुशीतून निघाला. आज तो खाणाऱ्याला त्यामागचे युद्धही आठवत नाही आणि आणीबाणीही.

संगीताच्या क्षेत्रात मात्र हा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो. बेंगळुरूच्या चामराजपेटेत १९३९ पासून रामनवमीच्या निमित्ताने मांडवात संगीतोत्सव भरत आला आहे. श्रोत्यांची अशी परंपरा असलेल्या या नगरातच जी. राज नारायण या अभियंता-बासरीवादकाने १९७९ मध्ये विद्युत-तानपुरा सिद्ध केला. त्याच्या मागची उणीव कोणाही गायकाच्या परिचयाची आहे. तानपुरा अवजड, प्रवासात जपावयास अवघड. आणि रोजच्या रियाजाला तो छेडणारा साथीदार मिळणे त्याहूनही अवघड. एका लहानशा पेटीने ही अडचण दूर केली. आता तर हा षड्ज भ्रमणध्वनीतूनही ऐकू येतो.

परंतु मराठी वाचकाला येथे मिरजेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा तेथील शिकलगारांनी हत्यारे बाजूस ठेवून तंतुवाद्ये हाती घेतली. म्हणजे मिरजेचा तानपुराही उणिवेचेच अपत्य होय. भोपळा निवडणे, दांडी बसविणे आणि तारेखाली सुताचा धागा सरकवीत जवारी काढणे यांत जो कान लागतो, तो पेटीत भरता येत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. मात्र मानांकनाने प्रतिष्ठा मिळते; गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. एका नगराच्या शोधाने दुसऱ्या नगराच्या शोधावर सावली धरावी, ही दैनंदिन इतिहासाची अटळ बाजू आहे; ती दृष्टिआड करून नुसते कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तंत्रज्ञानाच्या ज्या शिखरांसाठी बेंगळुरू आज ओळखले जाते, तेथेही ही जुनी वृत्ती दिसते. १९७५ मध्ये अंतराळात गेलेला ‘आर्यभट’ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये तयार झाला. १९८१ च्या ‘ॲपल’ या दळणवळण-उपग्रहाची चाचणी घेताना वाहनाच्या धातूचा अडथळा नको होता, म्हणून तो लाकडी बैलगाडीवर चढविण्यात आला. ते छायाचित्र पुष्कळांना मागासलेपणाचे द्योतक वाटले. वस्तुतः हाताशी असलेल्या साधनाचा नेमका गुण ओळखण्याचे ते एक उत्तम उदाहरण होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. त्या तळ्यांचे पुढे काय झाले? १८९६ मध्ये हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून आले, आणि १९७४ पासून सुमारे शंभर किलोमीटरवरून, शेकडो मीटर उंच चढवून कावेरीचे पाणी येऊ लागले. नळ आला आणि तळे हे नगराच्या दृष्टीने रिकामी जागा बनले. धर्मांबुधीच्या तळाशी आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडी नगरातील असंख्य कूपनलिका आटल्या आणि वस्त्यावस्त्यांत टँकरची वाट पाहण्याची वेळ आली, तेव्हा जे नाहीसे झाले होते ते केवळ पाणी नव्हते. पाणी का साठवावे लागते, याची स्मृतीच त्यापूर्वी नाहीशी झाली होती.

रवा इडलीमागचे कारण विसरले, म्हणून कोणाचे बिघडत नाही. तिची चव त्या कारणावर अवलंबून नाही. तळ्यांचे तसे नाही. त्यांचे कारण विसरताच ती बुजविली गेली, आणि कारण मात्र जागच्या जागी उभे होते. नगर अजूनही त्याच कण्यावर आहे आणि नदी अजूनही दूरच आहे. म्हणून दैनंदिन शोधांचा इतिहास लिहिणाऱ्याने वस्तूंची यादी करून थांबू नये. प्रत्येक वस्तूशेजारी तिची उणीवही नोंदवून ठेवावी. शहाजीराजांची सभा आपण जपली, तीन लाखांचा आकडाही जपला. त्या सभेला पाणी पाजणारा बांध कोणी, कोठे आणि कशासाठी घातला होता, हे त्याच पानावर लिहिले गेले असते, तर ती तळी कदाचित इतक्या सहज बुजली नसती.