देवालय आणि वस्ती : अंत्रुजाचा धडा

देवाचे स्थलांतर झाले म्हणजे केवळ मूर्ती हलली असे होत नाही. तिच्यामागून पुजारी, वाजंत्री, फुलकार, सुतार, व्यापारी असा सारा परिवार येतो आणि ओसाड रानात गाव उभा राहतो. अंत्रूज महालाचा इतिहास हा अशा वसण्याचाच इतिहास आहे. आज या देवालयांभोवतीच्या वस्त्यांना पुन्हा नवे चैतन्य यावे, असा विचार ठिकठिकाणी चालू आहे. अशा वेळी ही वस्ती मुळात कशी घडली, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

१५४३ साली बारदेश व साष्टी हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. पुढील पाव शतकात तेथील देवालयांवर संकट कोसळले. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश १५६०च्या सुमारास जुवारी नदी ओलांडून प्रियोळास आला. त्याच काळात केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हालसा म्हार्दोळास आणि लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास आला. फोंडे तेव्हा आदिलशाहीत होते, म्हणूनच तेथे आश्रय मिळू शकला. अंत्रूज महालास देवस्थानांची परंपरा नवी नव्हती. बांदिवड्याच्या श्रीनागेशाचा १४१३ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. नवे देव या जुन्या शेजारात येऊन राहिले.

प्रारंभीची देवालये साधीच असावीत. आज दिसते ते वैभव मुख्यतः १८व्या शतकातले. मराठी राज्यातील गोमंतकीय मुत्सद्द्यांचा त्यात मोठा वाटा होता. कवळ्याच्या देवालयाच्या उभारणीत शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांचा पुढाकार होता. रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. देवालयास स्थिर उत्पन्न मिळाले आणि त्या आधारावर वस्तीही स्थिर झाली.

या वस्तीची मांडणी विचारपूर्वक झालेली दिसते. जमिनीचा उतार पाहून तळी खोदली आणि पायऱ्या बांधल्या. देवालयासमोर दीपस्तंभ, प्रवेशाशी नगारखाना आणि चौकाच्या कडेने दूरच्या महाजनांसाठी अग्रशाळा उभ्या राहिल्या. पालखीची वाट व रथाचा फेरा यांसाठी मोकळी जागा राखली गेली. बाहेर फुले-नारळाची दुकाने आणि त्यापलीकडे कुळागरे आली. पाणी, रस्ता, निवास व बाजार या चारही गोष्टींचा मेळ येथे बसला होता. हे सारे कोणा एका नगररचनाकाराने कागदावर आखले नव्हते. उत्सवाच्या गरजेतून ते पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले.

त्या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येणार नाही. सेवा जन्माने ठरत होती, आणि भाविणी व कलावंतिणींच्या वाट्याला मानापेक्षा बंधनच अधिक आले. याच परिसरातून गायनाची उज्ज्वल परंपरा निघाली. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म १९०० साली मंगेशीतच झाला. कला आपण अभिमानाने सांगतो. तिच्यामागचे दुःखही सांगितले पाहिजे. आपणांस वस्ती जिवंत करावयाची आहे, ते बंधन नव्हे.

महाजनांचे हक्क व कर्तव्ये पोर्तुगीज राजवटीत १८८६च्या नियमावलीने आणि पुढे १९३३च्या सुधारित नियमावलीने निश्चित झाली. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावरही ही चौकट टिकून राहिली. परंतु देवालयाच्या आवाराबाहेर १९७४चा नगर व ग्राम नियोजन कायदा आणि १९९४चा पंचायतराज कायदा लागू होतो. म्हणजेच आवार महाजनांचे आणि गाव सर्वांचा. बहुतेक महाजन कुटुंबे दूर राहतात आणि जत्रेपुरती येतात; बारा महिने तेथे नांदणारा मात्र फुलवाला, दुकानदार आणि कुळागरवाला. त्याला न विचारता केलेला आराखडा सुंदर दिसेल, पण टिकणार नाही. २००७ साली लोकक्षोभापुढे गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला, हे सर्वांच्या स्मरणात आहे.

काम कोणत्या क्रमाने व्हावे, हे जुन्या मांडणीतच सुचविले आहे. प्रथम पाणी : तळी व तिला येणारे झरे स्वच्छ व अबाधित राहावेत. त्यानंतर वाट : पणजी-फोंडा रस्त्यावरून येणारी वाहने बाहेर थांबावीत आणि भाविकाने अखेरचे अंतर पायी जावे; पायी चालणाऱ्यामुळेच वाटेवरचा विक्रेता जगतो. मग निवास : अग्रशाळा पाडून सिमेंटच्या इमारती उभारण्याऐवजी चिरा, लाकूड व कौले यांचीच दुरुस्ती व्हावी आणि ती करू शकणारे कारागीर त्यायोगे तयार व्हावेत. शेवटी बाजार : जागा देताना वर्षानुवर्षे तेथे बसणाऱ्यांना अग्रमान मिळावा. या सर्वांआधी प्रत्येक वास्तूची मापे, नकाशे व छायाचित्रे देवस्थानाच्या दप्तरी जमा व्हावीत. एकदा मोडलेल्याची आठवण कागदावरही राहिली नाही, तर ते कायमचे गेले.

आपले पूर्वज देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडून आले, तेव्हा त्यांना येथील माणसांनी जागा दिली. ते ऋण फेडण्याची संधी आज महाजनांपुढे आहे. या वस्तीत राहणाऱ्या शेवटच्या घरालाही देवालयाच्या वैभवाचा वाटा मिळावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.