धुराची उलटी वाट

1742च्या सुमारास फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची एक पेटी बनवली. भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसमध्ये ती बसवायची आणि लाकडे तिच्यात जाळायची. उघड्या विस्तवाची बरीचशी ऊब धुराबरोबर चिमणीतून निघून जाते, ती या पेटीने खोलीत अडवावी, हा त्यामागचा हेतू. आज युरोप-अमेरिकेत 'इन्सर्ट' नावाने काचेच्या दाराची जी शेगडी जुन्या फायरप्लेसमध्ये सरकवतात, तिची ही पणजीच म्हणायची.

फ्रँकलिनने 1744 साली पुस्तिका छापून तिची जाहिरात केली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेले पेटंटही त्याने नाकारले. त्याचे औदार्य मोठे, पण पेटीत एक खोट होती. धूर आधी वर जायचा, मग एका पोकळ खणाच्या मागून खाली उतरायचा आणि जमिनीखालच्या वाटेने चिमणी गाठायचा. धुराने खाली उतरायचे! चिमणी चांगली तापलेली असली तर तिची ओढ पुरायची. गार असली की तोच धूर खोलीत. पुढे डेव्हिड रिटनहाउस या शास्त्रज्ञाने पेटीला काटकोनी नळी जोडून धूर सरळ चिमणीत सोडला. गंमत अशी, की नाव मात्र 'फ्रँकलिन स्टोव्ह' असेच राहिले.

आता चिमणीकडे वळू. इंग्लंडमध्ये विटांच्या धूरवाटेला आतून चुन्याचा गिलावा करत आणि त्यात शेण कालवत. भुई सारवणाऱ्या आपल्या आज्यांना याचे नवल वाटले नसते. शेणातल्या तंतूंमुळे गिलावा तडकत नसे आणि आतला भाग गुळगुळीत राही. आत साचणारी काजळी खरवडायला लहान मुले चढवत. जेमतेम नऊ इंची बोळातही कोपरे आणि गुडघे टेकत ती वर सरकत. या पोरांना मोठेपणी होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 सालीच दाखवला होता. मुले चढवण्याला आळा घालणारे कायदे 1788, 1834, 1840, 1864 असे होतच राहिले आणि कुणी जुमानले नाही. शेवटी 1875 साली केंब्रिजजवळ फुलबर्नला जॉर्ज ब्रूस्टर हा लहान मुलगा धुराड्यात अडकून दगावला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ही प्रथा संपवली.

1973च्या तेलटंचाईने लोकांना पुन्हा लाकडाकडे नेले. अमेरिकेत इन्सर्टचा खप वाढला आणि फ्रँकलिनची जुनी चूक नव्या रूपात परतली. इन्सर्ट फायरप्लेसमध्ये ढकलायचा, भोवतीची फट पत्र्याने झाकायची आणि धूर मागच्या पोकळीत सोडून द्यायचा. या धसमुसळ्या बसवणुकीला धंद्यातले लोक 'स्लॅमर' म्हणू लागले.

इन्सर्टच्या सहा इंच व्यासाच्या तोंडातून निघालेला धूर बारा इंची चौकोनी धुराड्यात शिरला, की त्याला पाचपट जागा मिळते. तो मंदावतो, निवतो. साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली त्यातला डांबरासारखा अंश भिंतीला चिकटतो. हाच क्रिओसोट. थरावर थर चढून तो काळा, काचेसारखा चकचकीत होतो. ब्रशने निघत नाही. तो पेटला तर चिमणीतले तापमान 1000 अंशांवर जाते आणि विटाही तडकतात.

म्हणून स्टेनलेस स्टीलचा लायनर आला: लवचिक, वळ्यावळ्यांची, इन्सर्टच्या तोंडाएवढीच रुंद नळी. एकजण छपरावरून ती सोडतो. दुसरा खाली फायरप्लेसमध्ये वाकून, तिच्या शंकूसारख्या टोकाला बांधलेला दोर ओढतो. जुना डॅम्पर, म्हणजे धूरवाट बंद करायची झडप, आड आला तर लोखंड कापावे लागते. गारठा लागू नये म्हणून नळीभोवती उष्णतारोधक गोधडी गुंडाळतात.

खरी कसोटी शेवटच्या वीतभर जागेत. इन्सर्ट आत सरकवला की मागे हात जायला जागा उरत नाही. मग शेगडीच्या आतूनच वर हात घालून, चाचपडत नळी तोंडावर बसवायची आणि स्क्रू पिळायचे. जुन्या इंग्रजी घरांत हे चालू असताना वरून भुगा गळत राहतो. नळीच्या वळ्यांनी खरवडलेला तो चुन्या-शेणाचा गिलावा असतो.