जॅक एल्वे: स्टॅनफर्ड ते फ्रँकफुर्ट

मंडळी, बाड हॉम्बुर्गहून एस-५ पकडून आपण ज्या फ्रँकफुर्टला हापिसात जातो, तिथे १९९१ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा 'गॅलक्सी' संघ उभा राहिला. पहिला कोच जॅक एल्वे. सुरुवात शाळेच्या संघापासून. मग नॉर्थरिज, सॅन होजे स्टेट आणि १९८४ ला थेट स्टॅनफर्ड. गंमत म्हणजे सॅन होजेला असताना १९८१ आणि १९८२ मध्ये एल्वेने याच स्टॅनफर्डला हरवलं होतं, आणि तेव्हा स्टॅनफर्डचा क्वार्टरबॅक होता त्याचाच मुलगा जॉन! (आईने बाजू कुणाची घेतली असेल?) १९८८ च्या मोसमानंतर स्टॅनफर्डने त्याला काढलं. मग साठीला टेकलेला हा गृहस्थ इथे आला. १९९२ नंतर लीगच बंद पडली, ती १९९५ पर्यंत. एल्वे १९९३ पासून डेन्व्हरसाठी खेळाडू हेरू लागला. तिथला क्वार्टरबॅक? पुन्हा जॉनच.